कडेवरचा उतारू

आगगाडीत मूल कसे सांभाळावे हे मराठी आईला कोणी शिकवावे लागत नाही. वरच्या फळीला जुन्या पातळाची झोळी बांधावी, डब्यातली दशमी काढावी, खिडकीतून म्हशी दाखवाव्यात, आणि एवढ्यानेही भागले नाही तर पुढच्या स्टेशनवर वडिलांनी त्याला घेऊन फलाटावर दोन फेऱ्या माराव्यात. समोरच्या बाकावरच्या आजीबाईंच्या मांडीवर मूल केव्हा जाऊन बसले हे कळतही नाही, आणि दौंड येईपर्यंत त्या त्याच्या सख्ख्या आजी झालेल्या असतात.

विमानात यातले काहीच नाही. झोळी नाही, फलाट नाही, म्हशी तर नाहीतच. पट्ट्याने बांधलेले मूल, पट्ट्याने बांधलेली आई, आणि पुढच्या-मागच्या आसनांवर कानांत यंत्रे खुपसून बसलेली परकी माणसे. गाडीत मूल रडले तर चार जण 'काय झाले हो बाळाला?' म्हणून विचारतात; विमानात ते रडले की चार माना नुसत्या वळतात. त्या वळलेल्या मानांची जी भीती आईच्या मनात बसते, तिच्यापायी पुष्कळ गोष्टी बिघडतात. मूल गप्प करणे हाच मग प्रवासाचा एकमेव हेतू होऊन बसतो. मुलाचे कुठे दुखते आहे हा प्रश्न मागे पडतो.

जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हा त्यांच्या चिमुकल्या विमानात टपालाच्या थैल्या होत्या. टपाल रडत नाही! त्यानंतर नव्वद वर्षे लोटली. २०२४ या एका वर्षात आपल्या देशांतर्गत विमानांनी सोळा कोटींवर उतारू वाहून नेले. मुलगी बंगळूरला, मुलगा अमेरिकेत, नातवंडे दोन्हीकडे, अशी घरे आता पुण्या-मुंबईच्या प्रत्येक गल्लीत आहेत, आणि सुटी लागली की त्या नातवंडांना काखोटीला मारून कोणीतरी विमानतळाकडे निघालेलेच असते. (उतारू हा शब्द मला फार आवडतो. दीड वर्षाच्या मुलाइतका अस्सल उतारू दुसरा नाही. चढल्या क्षणापासून त्याला उतरायचे असते.)

कानांत दडे का बसतात?

खोपोलीच्या घाटातून खाली येताना आपल्या कानांत दडे बसतात, हा अनुभव सर्वांना आहे. विमानात घडते ते हेच, फक्त जास्त. विमान पस्तीस हजार फुटांवर असले तरी आतली हवा यंत्राने दाबून ठेवलेली असते. तिचा दाब समुद्रसपाटीपासून सुमारे सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा. म्हणजे आपण बसल्या जागी उटकमंडला जाऊन परत येतो म्हणा ना! कानाच्या पडद्यामागे एक हवेची पोकळी आहे, आणि तिला घशाशी जोडणारी एक बारीक नळी आहे. डॉक्टर तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. विमान वर चढताना पोकळीतली हवा फुगते आणि या नळीवाटे आपोआप बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढतो, नळीचे तोंड मिटून बसते, आणि पडदा आत ओढला जातो. घोट गिळला किंवा जांभई दिली, की ते तोंड क्षणभर उघडते व दाब सारखा होतो.

मोठ्या माणसाला हे जमते. लहान मुलाची ही नळी आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे ती सहज उघडत नाही. शिवाय 'बाळ, जरा गिळ पाहू' असे दहा महिन्यांच्या मुलाला सांगून उपयोग नाही. ते टाहो फोडते, आणि आपल्याला वाटते, हट्ट करते आहे.

म्हणून सगळे लक्ष उतरण्यावर ठेवावे. पुष्कळ आया विमान सुटताना मुलाला पोटभर दूध पाजतात. ते वाईट नाही. पण विमान वर चढताना कान फारसे दुखत नाहीत, आणि खाली उतरायची वेळ येते तेव्हा मुलाचे पोट टम्म भरलेले असते व बाटली रिकामी. खरी गरज उतरण्याच्या अर्धा तास आधीपासून सुरू होते. यंत्रांचा आवाज एकाएकी मऊ झाला, विमानाचे नाक किंचित खाली गेल्यासारखे वाटले, की समजावे. वैमानिकही बहुधा तसे सांगतो. त्या वेळी अंगावर घ्यावे, किंवा बाटली द्यावी, किंवा झाकणाच्या पेल्यातून पाणी द्यावे. मात्र घोट-घोट, चाके टेकेपर्यंत पुरवून. मूल झोपले असेल तर उठवावे की नाही, यावर घरोघर मतभेद होतात. झोपेत माणूस कमी वेळा गिळतो, एवढे खरे. मुलाला सर्दी असेल तर मी बेलाशक उठवीन. नाक मोकळे असेल आणि गाढ झोप लागली असेल, तर राहू देईन. कान आधीच दुखत असेल वा वाहत असेल, तर निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि त्यांनी थांबा म्हटले तर तिकिटाच्या पैशांकडे पाहू नये.

आजीबाईंची कानटोपी येथे कामाची आहे का? आहे, पण थंडीसाठी. विमानात गारठा असतो, आणि कानटोपी व दुपटे हवेच. कापसाचे बोळे आवाज थोडा अडवतात. दाबाशी मात्र कापसाचा आणि लोकरीचा काही संबंध नाही. पूर्वी आपल्याकडच्या विमानांत सुटण्याआधी कापूस आणि गोळ्या तबकातून फिरवीत. त्यातली गोळी उपयोगाची, कारण ती चघळताना लाळ गिळली जाते. परंतु चार वर्षांखालच्या मुलाला कडक गोळी देऊ नये. विमान हिसकले आणि ती घशात अडकली तर अनवस्था प्रसंग ओढवेल. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे यांचेही तेच.

दुसरे दुखणे पोटाचे. हवेचा दाब उतरला की पोटातला वायू फुगतो, आणि ही वाढ चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असू शकते. अंगावर पिणाऱ्या मुलाची ढेकर काढल्याशिवाय त्याला आडवे करू नये. तिसरी गोष्ट हवेच्या कोरडेपणाची. आतली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते, म्हणजे आपल्याकडची एप्रिलमधली भर दुपार. ओठ सुकतात, नाक चोंदते, आणि तहान लागली हे मुलाला सांगता येत नाही. विचारत बसण्यापेक्षा पाणी पुढे करत राहावे.

झोपेचे औषध

मघाशी मी वळलेल्या मानांची भीती म्हटले, तिचा सर्वांत वाईट परिणाम येथे दिसतो. 'सर्दीचे सिरप एक चमचा दे, म्हणजे दिल्ली येईपर्यंत डोळा उघडणार नाही,' असा सल्ला देणाऱ्या सुशिक्षित बायका मला भेटल्या आहेत. सांगणारीचा हेतू चांगला असतो. पण ती गुंगी म्हणजे झोप नव्हे. काही मुलांवर अशा औषधाचा परिणाम अगदी उलटा होतो. ती झोपण्याऐवजी चेकाळतात. आणि खरा धोका श्वासाचा आहे. उंचावर आधीच प्राणवायूचा दाब कमी. त्यात गुंगीचे औषध. सर्दीच्या सिरपांत नेहमी आढळणारी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन ही जोडगोळी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असे बाटलीवर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. रडणाऱ्या मुलाने शेजाऱ्याची झोपमोड होते, एवढेच ना? होऊ द्यावी.

परदेशात काही आईबाप शेजारच्या उतारूंना आधीच खाऊच्या पुड्या वाटतात, आणि सोबत 'आमचे बाळ रडेल, क्षमा करा' अशी चिठ्ठी ठेवतात. ही टूम आपल्याकडेही येऊ घातली आहे म्हणे. मला ती रुचत नाही. बारसे असेल तर पेढे जरूर वाटावेत. मूल आहे याची क्षमा कशाला मागायची? त्यापेक्षा आपल्या पुढच्या आसनावरच्या गृहस्थांना नमस्कार करून 'याचे पाय लागले तर सांगा हं' एवढे म्हणावे, आणि बसल्याबरोबर मुलाचे बूट काढून ठेवावेत. अनवाणी पायाची लाथ निम्म्याने सौम्य असते. एकदा बोलणे झाले की ती वळलेली मान पुन्हा माणसाची होते.

मांडी की आसन?

दोन वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाला स्वतंत्र आसन घ्यावे लागत नाही. थोडे शुल्क भरून ते मांडीवर बसते. दोन वर्षांनंतर पूर्ण आसन. येथे एक हिशेब पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही: जाताना मूल तेवीस महिन्यांचे आहे आणि परतताना त्याचा दुसरा वाढदिवस होऊन गेला आहे, तर परतीचे आसन घ्यावे लागते. वयाचा दाखला, म्हणजे जन्माचे प्रमाणपत्र वगैरे, हाताशी ठेवावा. परदेशी जायचे तर तान्ह्या बाळालाही स्वतःचे पारपत्र लागते.

मांडीवर मूल हे सोयीचे आहे, स्वस्त आहे. पण ते सुरक्षित आहे का? १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या विमानाचे शेपटीकडचे यंत्र निकामी झाले आणि ते सू सिटी येथे कोसळत उतरले. विमानात २९६ माणसे होती; शंभरावर दगावली. चार मुले मांडीवरची होती. त्या काळच्या नियमाप्रमाणे विमानसेविकांच्या प्रमुख जॅन ब्राउन यांनी आयांना सांगितले, की मुलांना पायाशी जमिनीवर ठेवा आणि धरून ठेवा. आदळण्याचा जोर असा, की कोणाच्याही हातांनी ते शक्य नव्हते. त्या चौघांतले एक मूल गेले. त्याची आई बाहेर आल्यावर मुलाला शोधायला परत जाऊ पाहत होती, आणि तिच्यासमोर उभ्या होत्या जॅन ब्राउन. पुढे कित्येक वर्षे या बाईंनी एकच मागणी लावून धरली: सामान बांधून ठेवता, चहाची किटली बांधून ठेवता, मग मूलच का मोकळे? अमेरिकन सरकारने नियम केला नाही. त्यांचे म्हणणे असे, की आसन सक्तीचे केले तर खर्चाला भिऊन कुटुंबे मोटारीने जातील, आणि रस्त्यावर त्याहून जास्त मुले मरतील. हिशेब म्हणून तो खोटा नाही. तरीही तेच सरकारी खाते आईबापांना सांगते, की मुलाची सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे त्याचे स्वतःचे आसन आणि त्यावर बांधलेली मान्यताप्राप्त बालखुर्ची.

आपल्याकडे सगळ्यांना ते परवडणार नाही, आणि बालखुर्ची चालेल का हे प्रत्येक विमान कंपनीला आधी विचारावे लागते. पण मूल मांडीवर घ्यायचे तर निदान तीन गोष्टी कराव्यात. त्याच्यासाठी जोडपट्टा मिळतो, तो मागून घ्यावा. आपल्या पट्ट्यात अडकवून तो मुलाच्या कमरेभोवती बांधतात. आपला स्वतःचा पट्टा मुलावरून कधीही घेऊ नये. धक्का बसला तर आपल्या अंगाचा सारा भार त्या पट्ट्यामधून मुलाच्या पोटावर येईल. आणि पट्ट्याचा दिवा विझला तरी बसलेले असताना पट्टा सोडू नये; स्वच्छ आभाळातही विमान अचानक हिसके खाते.

प्राणवायूचे मुखवटे खाली आले तर आधी आपला लावावा, मग मुलाचा. कोणत्याही आईच्या हाताला हे उलटे वाटेल. परंतु त्या उंचीवर शुद्ध हरपायला फार वेळ लागत नाही, आणि बेशुद्ध आई मुलाला मुखवटा लावू शकत नाही. सर्वच ओळींवर जादा मुखवटा नसतो. म्हणून मांडीवरची दोन मुले शेजारी-शेजारी बसू देत नाहीत, आणि एका मोठ्या माणसामागे मांडीवरचे एकच मूल हा नियम आहे. जुळ्यांच्या आईला एकटीने प्रवास करायचा तर हे आधीच पाहावे लागेल. एक बरे झाले आहे: बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला, एकाच तिकिटावर असलेल्या आई किंवा वडिलांपैकी एकाच्या शेजारीच जागा द्यावी, असे आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावले.

आता निघण्याच्या तयारीविषयी. तीन-चार वर्षांच्या मुलाला धाक असतो तो अनोळखी गोष्टींचा. माझ्या धाकट्या बहिणीने एक युक्ती केली, ती मला फार पटली. आधीचे चार दिवस घरात जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या ओळीने मांडून 'विमान-विमान' खेळले जाई. ओढणीचा पट्टा, आजोबा वैमानिक, आणि आजी हवाई सुंदरी. (हा शब्द आता मोडीत निघाला; त्या कामावर हल्ली तरुण मुलगेही असतात.) पण खरी गंमत तपासणीची. विमानतळावर बाहुली, अस्वल, जे काही काखेत असेल ते काढून यंत्राच्या पट्ट्यावर ठेवावे लागते, आणि आपले अस्वल काळ्या पडद्याआड नाहीसे झालेले पाहून मूल जे भोकाड पसरते ते सर्व विमानतळ ऐकतो. बहिणीने बैठकीतल्या मेजाला चादर लावून बोगदा केला. अस्वल इकडून आत जाई, तिकडून बाहेर येई. खऱ्या तपासणीच्या वेळी चिरंजीव यंत्राच्या पलीकडे जाऊन अस्वलाची वाट पाहत उभे! बायकांची तपासणी पडदा लावलेल्या खोपटात होते. आई आत गेली तर ती परत येते, हेही त्यात खेळून घ्यावे. खेळण्यातले पिस्तूल मात्र घरी ठेवा. ते आत नेऊ देत नाहीत.

वेळ निवडताना स्वस्त तिकिटाला भुलू नये. पहाटे पाचच्या विमानासाठी मूल रात्री दोनला उठवायचे, म्हणजे दिवसभराच्या किरकिरीचे आगाऊ तिकीट. सकाळी आठ-नऊची वेळ बरी. उन्हाळ्यात दुपारी जमीन तापते, हवा वर उसळते आणि विमान हिंदकळते. 'लहान मुले असलेल्यांनी आधी चढावे' अशी हाक येते, तीही विचार करून स्वीकारावी. दोघे मोठे असाल तर एकाने सामान घेऊन आधी जावे, आणि दुसऱ्याने मुलाला शेवटच्या क्षणापर्यंत बाहेर पळू द्यावे. आत जाऊन बसलेली ती पाऊण घटका पुढच्या दोन तासांना भारी पडते.

पिशवीत काय असावे? तासांच्या हिशेबाने लागतील त्याहून दोन-तीन लंगोट जास्त, कारण विमाने उशिरा सुटतात. मुलाचा एक पोशाख, आणि हे कोणी सांगत नाही, आईचाही एक सदरा. मूल ओकते ते स्वतःच्या अंगावर नव्हे. तुपाची दशमी, गूळ-पोळीची सुरळी, केळे. चुरमुरे नकोत. परदेशी विमानात द्रव पदार्थांवर शंभर मिलिलिटरची मर्यादा आहे, पण बाळाचे दूध आणि अन्न प्रवासापुरते नेऊ देतात. तपासणीला ते वेगळे काढून दाखवावे. खेळणी चार-पाच, लहान, आवाज न करणारी, आणि एकेक कागदात गुंडाळलेली. अर्ध्या तासाने एक काढावी. नवी हवीत असे नाही. महिनाभर कपाटावर लपवलेले जुने खेळणेही कागदातून निघाले की नवे होते. कोऱ्या वहीची दहा पाने आणि मेणाचे खडू यांना मी पडद्यावरच्या चित्रांपेक्षा वरची जागा देते. पण सोळा तासांच्या प्रवासात आईने पडद्याचा आधार घेतला, तर तिला कोणी नावे ठेवू नयेत.

लांबच्या प्रवासात मोठ्या विमानांत पुढच्या भिंतीला लावायचा पाळणा मिळतो. तो थोडेच असतात, म्हणून तिकिटाबरोबरच मागावा, आणि वजनाची मर्यादा विचारून घ्यावी. आपल्याकडची गुटगुटीत बाळे सहाव्या महिन्यातच तिच्याजवळ पोचतात. विमान हिसके खाऊ लागले की त्यातून मूल काढून मांडीवर घ्यावे लागते, हे गृहीत धरावे.

आणि पोचल्यावर? न्यू यॉर्कचे घड्याळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास असते. तिकडून आलेल्या नातवाला पुण्याची रात्र म्हणजे भर दिवस. देहाचे घड्याळ साधारण दिवसाला एक तास सरकते, त्यामुळे आठवडाभर ते मूल रात्री दोनला टक्क जागे आणि भुकेले असणार. आजी-आजोबांनी त्याला दटावून झोपवू नये. सकाळी त्याला अंगणात उजेडात न्यावे, दुपारची झोप दोन तासांवर जाऊ देऊ नये, आणि रात्रीसाठी वरणभात झाकून ठेवावा. बहिणीचा मुलगा आला तेव्हा तिच्या सासऱ्यांनी ही पाळी स्वतःकडे घेतली होती. मंद दिवा लावून दोघे पत्त्यांचे बंगले बांधीत. पाचव्या रात्री नातू सकाळपर्यंत गाढ झोपला. दोनच्या ठोक्याला उठले ते आजोबा, आणि पत्ते पिसत बराच वेळ बसून राहिले.